विश्लेषण : माळ्यावरचे ठोकळे खाली उतरले, पण हात का चालत नाहीत?

मे महिन्यात गावचे घर उघडले, की पहिले दोन दिवस झाडलोटीत जातात. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी यंदा माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली आली. आत जुनी पाठ्यपुस्तके होती, वाळवीने अर्धी खाल्लेली. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले लहानपणीचे ठोकळे, जसेच्या तसे. मला वाटले, आता दुपार कशी सरेल ते कळणारही नाही. ट्रंक पडवीत ठेवली. चार दिवस ती तिथेच होती. येता-जाता झाकण उघडायचे, दोन-तीन ठोकळे एकमेकांवर बसवायचे, काढायचे आणि पुन्हा मोबाइल हातात घ्यायचा. आवड संपली म्हणावे, तर ट्रंक परत माळ्यावर चढवायचेही मन होत नव्हते.

लहानपणीच्या छंदाकडे परतावेसे वाटते, साहित्य समोर असते, वेळही असतो आणि तरी सुरुवात होत नाही. असे का होते, आणि यावर काही उपाय आहे का?

‘अंधारयुग’ म्हणजे काय?

लेगोच्या प्रौढ चाहत्यांनी या अवस्थेला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. लहानपणी ठोकळे सुटले तेव्हापासून मोठेपणी ते पुन्हा हाती आले तोवरचा काळ म्हणजे ‘डार्क एजेस’, अंधारयुग. बहुतेकांचे हे युग बारा-चौदाव्या वर्षी सुरू होते. कोकणात ते दहावीच्या वर्षी सुरू होते म्हटले तरी चालेल, कारण त्यानंतर कॉलेज, मग मुंबई, मग दहा बाय बाराची खोली. ते संपते ते अनेकदा स्वतःला मूल झाल्यावर, नाहीतर कुणी भेट दिलेल्या खोक्यामुळे. नाव देणाऱ्यांनी एक मात्र गृहीत धरले आहे, की हे युग कधीतरी संपतेच. ते आपोआप संपत नाही, हे मला पडवीत कळले.

ठोकळ्यांचे तसे नाही. ते वाट पाहू शकतात. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. दोन वर्षांनी त्यांनी ‘चांगले खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून ‘लेगो’ हे नाव घेतले. प्लॅस्टिकचे ठोकळे १९४९ मध्ये आले, पण ते आतून पोकळ होते. एकावर एक बसायचे, धरून मात्र राहायचे नाहीत. उंच भिंत केली, की कलंडायची. २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज झाला तो पोटात नळ्या असलेल्या ठोकळ्याचा. वरच्या ठोकळ्याच्या नळ्या खालच्याच्या गुंड्यांना घट्ट धरतात, एवढीच युक्ती. पण ती इतकी नेमकी होती, की १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. १९६३ मध्ये एबीएस हे कडक प्लॅस्टिक वापरात आले. कोकणातल्या पावसाळ्यात लोखंड गंजते, लाकडाला वाळवी लागते, कागदाचे तर विचारू नये. एबीएसला यातले काही होत नाही. फक्त उन्हात राहिले तर पांढरे आणि करडे ठोकळे पिवळे पडतात.

आमच्या ट्रंकेतला माल काही सगळा परदेशी नव्हता. बहुतेक ठोकळे देशी, थोडे सैल बसणारे. तळाशी भोके पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नटबोल्ट होते. हा खेळ १९०१ मध्ये इंग्लंडमधल्या फ्रँक हॉर्नबी यांनी पेटंट घेतलेल्या ‘मेकॅनो’च्या वंशातला. आपल्याकडच्या पिढ्यांना तो ‘मेकॅनिक्स’ म्हणून ठाऊक. पट्ट्या अर्थातच गंजल्या होत्या.

इच्छा असूनही सुरुवात का होत नाही?

लहानपणी तीन गोष्टी फुकट मिळत होत्या. पसारा करायला जमीन, सोबतीला कुणीतरी, आणि संपायचे नाव न घेणारी दुपार. माझ्या बाबतीत सोबतीला दादा होता. बुरूज तो बांधायचा, मी तटबंदी. मोठेपणी आपण छंद आठवतो, म्हणजे ठोकळे आठवतो. या तीन गोष्टी त्यात मोजत नाही.

चौथी गोष्ट नव्याने आलेली आहे. दहाव्या वर्षी चार भिंती आणि वर एक फळी, की घर झाले. आज डोळ्यांनी इंटरनेटवर हजारो ठोकळ्यांची गिरणगावे आणि रेल्वे स्टेशने पाहिलेली असतात. डोळा पस्तीस वर्षे शिकत राहिला, हात तिथेच थांबला. दोघांमधले अंतर पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात येते आणि आपण ठोकळे खाली ठेवतो.

पण खरे कारण याहून साधे असावे, आणि ते ठोकळ्यांवरच केलेल्या एका प्रयोगातून हाती लागते. डॅन एरिएली, एमिर कामेनिका आणि ड्राझेन प्रेलेक या तिघांनी २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लेगोची ‘बायोनिकल’ नावाची यंत्रमानवासारखी छोटी खेळणी जोडायला दिली. पहिल्याला दोन डॉलर, पुढच्या प्रत्येकाला आधीपेक्षा अकरा सेंट कमी. कंटाळा आला की थांबायचे. एका गटाने जोडलेली खेळणी समोर टेबलावर रांगेत राहू दिली. दुसऱ्या गटातल्या माणसाने एक पूर्ण करून पुढचे घेतले, की आधीचे त्याच्या डोळ्यांदेखत सुटे करून तेच सुटे भाग त्याला परत जोडायला दिले जात. पैसे तेच, काम तेच. पहिल्या गटाने सरासरी १०.६ खेळणी जोडली, दुसऱ्याने ७.२.

मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना असे जोडकाम मुळातच आवडते त्यांनी जास्त खेळणी जोडावीत, ही अपेक्षा पहिल्या गटात खरी ठरली. दुसऱ्या गटात आवडीचा आणि चिकाटीचा संबंध जवळपास पुसला गेला होता. म्हणजे केलेले लगेच मोडणार हे समोर दिसत असेल, तर आवड कितीही असो, ती उपयोगी पडत नाही. मी पडवीत चार दिवस नेमके हेच करत होतो. दोन ठोकळे जोडायचे आणि लगेच काढायचे. दुसऱ्या गटातला माणूस मीच होतो आणि ठोकळे सुटे करणाराही मीच.

मग दिवाळीतला किल्ला दर वर्षी मोडूनही उत्साह कसा टिकतो?

हा प्रश्न कुणीही मराठी वाचक विचारेल. माती, दगड आणि गोणपाट यांचा किल्ला महाराष्ट्रभर मुले वर्षानुवर्षे बांधत आली आहेत. (सिंधुदुर्गाकडे गेलात तर तिथल्या पोरांची शक्ती नरकासुरावर खर्च होते, तो भाग वेगळा.) हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ, वर सिंहासनावर महाराज, खाली मावळे. दिवाळी सरली की सगळे भुईसपाट. तरी पुढच्या वर्षी तोच हट्ट.

किल्ला मोडतो, पण लगेच मोडत नाही. तो अंगणात काही दिवस उभा राहतो, येणारे-जाणारे थांबून बघतात, कुणीतरी म्हणतो बुरूज वाकडा आहे. शिवाय त्याला तारीख असते. नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत तो व्हायलाच हवा. आणि तो एकट्याने होत नाही, माती आणायलाच चार जण लागतात. जमीन, सोबत, मुदत आणि बघणारे डोळे या चारही गोष्टी त्या सणाने परस्पर पुरवलेल्या असतात. उत्साह कुठून आणायचा, हा प्रश्न म्हणूनच कुणा मुलाला पडत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यात राजापूरच्या दक्षिणेला वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा असलेला विजयदुर्गही आहे. आमच्या बालपणी तो यादीबिदीत नव्हता, पण आमच्या अंगणात तीन दिवाळ्या तोच होता.

ठोकळ्यांना असा सण नाही. तो आपल्याला लावून घ्यावा लागतो.

महागडा नवा संच घेतला, चॅनेल काढले, तर उत्साह येईल?

बाजाराचे उत्तर अर्थात ‘हो’ असे आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत लेगो कंपनी बुडायच्या बेतात आली होती. सावरल्यानंतर तिने मोठ्यांकडेही बारकाईने लक्ष दिले. २०२० पासून खास ‘१८ वर्षांवरील’ असे छापलेले काळ्या रंगाचे खोके मिळू लागले. भारतात अडचण किमतीची. आयात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचे झाले. देशी उद्योगाला त्याने बळ मिळाले असेल, पण परदेशी खोका मध्यमवर्गीय घरात ‘बघू पुढच्या बोनसला’ या यादीत गेला. परवडत असेल त्याने जरूर घ्यावा. मात्र विकत घेण्याचा आनंद आणि बांधण्याचा आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला मिळाला, की दुसऱ्याची घाई राहत नाही आणि खोका सीलबंदच कपाटात जातो.

बक्षिसाचे गणित आणखी विचित्र आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये ‘सोमा’ कोड्यावर प्रयोग केला. छोट्या घनांचे बनलेले सात तुकडे जोडून वेगवेगळे आकार करायचे, असे हे कोडे. एका गटाला मध्येच प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले, मग ते देणे बंद केले. मधल्या मोकळ्या वेळात कोण स्वतःहून कोड्याशी खेळतो आणि कोण शेजारची मासिके चाळतो, हे लपून पाहिले. पैसे थांबल्यावर त्या गटाची कोड्यातली गोडी आधीपेक्षा कमी झाली होती. खेळ होता, त्याचे काम झाले आणि मग मजुरी बंद झाली. व्हिडिओला किती लाइक आले हे मोजत छंदाकडे परतणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकणे वेगळे. तिथे बुरूज वाकडा आहे म्हणणारे असतात, मजुरी देणारे नसतात.

मग सुरुवात कुठून करायची?

धुण्यापासून. हे गमतीने लिहिलेले नाही. नैराश्यावरच्या उपचारांत ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ नावाची एक पद्धत आहे. १९७० च्या दशकात पीटर लेविनसन यांच्या कामातून ती आकाराला आली. मन लागेल तेव्हा काम करू, हा क्रम ती उलटा करते. आधी ठरलेले छोटे काम, मन मागाहून येते. साध्या आळसालाही हा क्रम लागू पडतो. (कोणत्याच गोष्टीत रस वाटेनासा झाला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर तो प्रश्न छंदाचा नाही. डॉक्टरांना भेटावे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.)

ठोकळे धुवायला कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. वाळवायचे ते सावलीत, पंचावर पसरून. कोकणातले मे महिन्याचे ऊन त्यांना मानवणार नाही. धुताना प्रत्येक ठोकळा हातातून जातो आणि आपल्याकडे नेमके काय आहे ते कळते. मला चाकाची चार टायरे मिळाली, चाके मात्र नाहीत. मग वर्गवारी. नवखा माणूस रंगांप्रमाणे लावतो, मीही तेच केले आणि चुकलो. लाल ढिगात लाल रंगाचा हवा तो तुकडा दिसत नाही. आकाराप्रमाणे लावले, तर रंग आपोआप डोळ्यात भरतो. सुपात, परातीत, आईच्या रिकाम्या लोणच्याच्या बरण्यांत सगळे मावले.

साहित्य कमी आहे ही सबबही टिकत नाही. आठ गुंड्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. पूर्वी हा आकडा बराच कमी सांगितला जाई. कोपनहेगनमधले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने तो नीट मोजून दिला.

वेळेबद्दल पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाची १९९९ पासून गाजलेली सूचना आहे. ‘रोज थोडे करीन’ असा संकल्प करू नका, ‘अमुक झाले की तमुक’ अशी गाठ मारा. माझी गाठ होती, रात्रीची जेवणे होऊन भांडी आवरली की दहा ठोकळे. अकरावा बसवायचा असेल तर बसवावा, पण दहा झाल्यावर उठायची मुभा. आणि केलेले मोडायचे नाही. याचा अर्थ घरात एक जागा अशी हवी जिथे अर्धवट बांधकाम कुणी उचलणार नाही. मुंबईच्या घरात ही अट सगळ्यात अवघड. गावी कोनाडे असतात.

काय बांधायचे?

पुस्तिकेबरहुकूम बांधण्यात कमीपणा नाही, हात सुटायला ते चांगलेच. पण जुन्या ट्रंकेतल्या ठोकळ्यांना पुस्तिका नसते. मी दोन दिवस यावर अडलो आणि उत्तर पायाखाली सापडले.

राजापूरचे सडे जांभ्याचे. हाच जांभा खाणीतून विटेसारखा कापला, की चिरा होतो आणि तालुक्यातली जुनी घरे, विहिरी, आवारे चिऱ्यांचीच. १८००-०१ च्या प्रवासात फ्रान्सिस बुकानन यांनी केरळातल्या अंगाडीपुरमला हा दगड पाहिला. लोक तो विटेच्या आकारात कापून घरे बांधतात हे पाहून त्यांनी त्याला ‘लॅटराइट’ नाव दिले. लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून. म्हणजे आम्ही मुळात विटेच्या खडकावर राहणारी माणसे. गडगा रचताना किंवा चिऱ्याची भिंत उचलताना गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही. प्रत्येक थर अर्ध्या चिऱ्याने सरकवतो, नाहीतर भिंत उभी फाटते. लाल ठोकळ्यांची भिंत याच नियमाने उभी राहते. दहाव्या वर्षी दादाने मला तो दामटून शिकवला होता, त्याला तो कुणी शिकवला होता कोण जाणे.

तेव्हा ठरले, आपले घरच बांधायचे. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, देवघर. भिंती पाच रात्रींत झाल्या. कौलांचा उतार मात्र साध्या ठोकळ्यांनी जमत नाही, पायऱ्या-पायऱ्यांचे छप्पर होते. ते तसेच ठेवले. दारापुढे हिरव्या ठोकळ्याची तुळस ठेवल्यावर घर ओळखू येऊ लागले.

चाळिशी उलटलेल्या माणसाने पडवीत बसून ठोकळे लावावेत, याचे शेजारच्या काकांना थोडे हसू आले. मी त्यांना गणपतीच्या मखराची आठवण करून दिली. दोन रात्री जागून, पुठ्ठे कापून, त्यावर रंगीत कागद चिकटवणाऱ्या पन्नाशीच्या माणसांना कुणी खेळतोय म्हणत नाही. बालशिक्षणाचे जनक फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ नंतर लाकडी ठोकळ्यांनाच अभ्यासाचे साहित्य केले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून तेच साधले. हे सगळे काकांना सांगितले नाही. ते दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, विहीर राहिली.

सहाव्या रात्री जिन्यापाशी अडलो. माळ्यावर जाणारा जुना लाकडी जिना दुरुस्तीत काढून टाकला होता आणि तो कुठे होता ते काही केल्या आठवेना. दादाला फोन लावला. घराच्या खर्चावरून बोलणे झाले होते तेव्हापासून आमचे फोन सणावारापुरतेच होत. फोटो पाठवला. तो म्हणाला, ‘‘अरे, उजवीकडे नाही, देवघराच्या मागे होता. सातवी पायरी हलायची. आणि छप्पर काय असलं केलंयस?’’ मग पाऊण तास छपरावर चर्चा झाली. आडवे पातळ ठोकळे एका गुंडीने मागे सरकवत नेले तर उतार बरा दिसेल, असे त्याचे मत पडले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात घर बंद केले. बांधलेले घर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओटीवरच्या कोनाड्यात ठेवले आहे. पातळ ठोकळ्यांची बरणी आणि जिना वेगळे काढले आहेत. छप्पर गणपतीत दादा करणार आहे.